सेमी-हॉलो बेसचं वायरिंग घरच्या घरी बदलताना

सेमी-हॉलो बेसला, म्हणजे अर्धपोकळ बॉडीच्या बेस गिटारला, मागे झाकण नसतं. सॉलिड बॉडीच्या बेसचे चार स्क्रू काढले की पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर), कपॅसिटर, वायरी सगळं समोर येतं. इथे आत जायला दोनच वाटा: एफ-होलची, म्हणजे बॉडीवरच्या ‘f’ आकाराच्या भोकाची, चिंचोळी फट आणि पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग) काढल्यावर दिसणारा खड्डा. वरचा आणि खालचा भाग पातळ प्लायचा, मधोमध लाकडाचा ठोकळा, दोन्ही अंगांना पोकळी. गिब्सनने १९५८ साली ईएस-३३५ गिटार आणि तिच्याच घडणीचा ईबी-२ बेस आणला, तेव्हापासून ही रचना जवळपास तशीच चालत आली आहे. ज्या पोकळीमुळे हा बेस इतका गोड वाजतो, तीच दुरुस्तीच्या वेळी आडवी येते.

म्हणून या कामात मी एक नियम कधीच मोडत नाही: सगळं बाहेर बांधायचं, बाहेर वाजवून तपासायचं, मगच आत सोडायचं. पहिल्या वेळी मी हा नियम पाळला नव्हता. रात्री अकराला शेवटचा नट आवळला आणि अँप लावला, तर नेक (मानेकडच्या) पिकअपचा टोन उलटा फिरत होता आणि ब्रिज (तारांच्या खालच्या टोकाकडचा) पिकअप मुका होता. दोन दिवसांवर कार्यक्रम. सगळं परत एफ-होलमधून ओढून काढलं आणि त्या ओढाताणीत एक चांगला जॉइंटही तुटला. त्यानंतर आणखी तीन बेस उघडले. पुढे जे लिहिलंय ते त्या चार बेसवर हात बसवून झालेलं आहे.

माझा बेस नेहमीच्या घडणीचा आहे: दोन हंबकर (दोन कॉइलचे पिकअप), दोन व्हॉल्यूम, दोन टोन, कोणता पिकअप वाजावा ते ठरवणारं तीन जागांचं टॉगल स्विच आणि कडेला केबलचा जॅक. तुमचा वेगळा असेल तर सुरुवातीलाच दोन गोष्टी बघून घ्या. हॉफनरच्या व्हायोलिन बेसवर नॉब आणि स्विच एका वेगळ्या पट्टीवर बसवलेले असतात. ती पट्टी उचलली की बरंचसं काम उघड्यावर होतं, एफ-होलमध्ये हात घालायची वेळ येत नाही. आणि एपिफोनच्या जॅक कॅसडी बेसमध्ये लो-इम्पीडन्स पिकअप आणि त्याच्या जोडीला ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला खालचे आकडे लावू नका.

आधी आजार ओळखा

पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते. त्या काळात जॅकच्या आतल्या पत्र्यावर आणि स्विचच्या टोकांवर ऑक्साइडचा थर धरतो, पॉटच्या आतल्या कार्बन पट्टीवर धूळ चिकटून बसते. नॉब फिरवताना खरखर येते, केबल हलवली की आवाज जातो-येतो. एवढ्यावरून वायरिंग बदलायला घेऊ नका. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणा, त्याची बारीक नळी पॉटच्या पायांजवळच्या फटीत धरून एक फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. अर्ध्या वेळा बेस तिथेच बरा होतो. गंज काढायचं तेल मात्र पॉटमध्ये घालू नका. त्याचा ओशट थर आत राहतो आणि महिन्याभरात त्यावर आणखी धूळ बसते.

मग मल्टिमीटर. तो नसेल तर आधी तोच विकत घ्या, या कामात सोल्डरिंग आयर्नपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. बेसमध्ये केबल लावा, सगळे नॉब पूर्ण उघडे ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर, टोक आणि दांडी यांच्यामध्ये, ओहम मोजा. समजा पिकअप १० किलोओहमचा आहे आणि व्हॉल्यूम पॉट ५०० के. दोन्ही समांतर असल्यामुळे मीटर साधारण ९.८ दाखवेल. टॉगल मध्ये आणलं की दोन पिकअप समांतर येतात, आकडा निम्मा होऊन ४.९ च्या जवळ जाईल. टोन नॉबने आकडा बदलत नाही, कारण कपॅसिटरमधून डीसी जात नाही.

आता बिघाड वाचता येतो. एका बाजूला आकडा एकदम ५०० किलोओहमच्या आसपास आला, तर पिकअपची तार कुठेतरी तुटली आहे आणि मीटर फक्त पॉट मोजतोय. शून्य आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आकडा नाचत असेल तर जॅक किंवा स्विच. पिकअपच आतून तुटला असेल तर नवीन पॉट घालून काही होणार नाही, हे हजार-दोन हजार रुपये खर्च करण्याआधी कळलेलं बरं.

मापं घ्या, मगच बाजारात जा

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात. लोक चांगल्या कंपनीचे पॉट मागवतात आणि ते भोकात बसतच नाहीत. अमेरिकन पद्धतीच्या मोठ्या पॉटच्या गळ्याला ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं. आशियात बनलेल्या बहुतेक सेमी-हॉलो बेसवर लहान पॉट असतात, त्यांची भोकं ७ किंवा ८ मिलिमीटरची. मोठ्या पॉटचा डबा २४ मिलिमीटर रुंद, लहानाचा १६. तुमच्या एफ-होलची सगळ्यात रुंद जागा मोजा: तिथून २४ चा डबा, मागच्या सोल्डरच्या फुगवट्यासकट, जाणार आहे का?

जात असला तरी मी लहान पॉटच घेतो. भोक मोठं करायचं म्हणजे कमानदार प्लायवर ड्रिल चालवायचं, आणि त्यात वरचा लाखेचा थर तडकतो, प्लायच्या कडा उचकटतात. आवाजात लहान-मोठ्या डब्याने फरक पडत नाही. वाढवायचंच असेल तर ड्रिल बाजूला ठेवून हाताने फिरवायचा निमुळता रीमर वापरा आणि भोकाभोवती मास्किंग टेप लावा.

गळ्याची उंचीही बघा. वरच्या प्लायमधून गळा निदान तीन मिलिमीटर बाहेर आला पाहिजे, नाहीतर वॉशर आणि नट धरणार नाहीत. दांड्याचाही विचार करा: अमेरिकन दांडा ६.३५ मिलिमीटरचा, मेट्रिक ६ चा. खाचांच्या दांड्यांत अमेरिकन पॉटवर २४ खाचा असतात, मेट्रिकवर १८. जुने नॉब नव्या पॉटवर जबरदस्तीने दाबले की चिरतात.

पॉट किती किलोओहमचा घ्यायचा हे ठरवताना हंबकरला ५०० के, सिंगल कॉइलला २५० के हा जुना ठोकताळा बरोबर आहे. व्हॉल्यूम आणि टोन दोन्हीला मी ऑडिओ टेपर, म्हणजे लॉग पॉट घेतो. आशियाई पॉटवर ‘ए’ म्हणजे लॉग आणि ‘बी’ म्हणजे लिनियर. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथे बहुतेक ठिकाणी ‘बी’ सहज मिळतो आणि ‘ए’ साठी फिरावं लागतं. एका दुकानातल्या काकांना मी विचारलं, “काका, पाचशे केचा लॉग आहे का?” त्यांनी डबा पुढे सरकवला आणि म्हणाले, “आहे, पण मीटर लावून घे बाळा, डब्यात मिसळलेले असतात.” सल्ला सोन्यासारखा होता. दांडा बरोबर मध्यावर आणा आणि मधला पाय व एक टोक यांत मोजा. लिनियर निम्मा आकडा दाखवतो, २५० च्या आसपास. लॉग एका बाजूला ५० ते ७५ किलोओहमच दाखवेल. एकूण आकडा ४०० ते ६०० च्या मध्ये कुठेही असू शकतो, कारण वीस टक्के कमी-जास्त चालतंच. चारांतले जास्त आकड्याचे दोन व्हॉल्यूमला ठेवा, आवाज थोडा उघडा राहतो.

कपॅसिटर बेसला साधारण ०.०४७ मायक्रोफॅरडचा वापरतात. त्यावर ४७३ छापलेलं असतं. २२३ म्हणजे ०.०२२. पहिल्याने टोन बंद केला की आवाज खोल आणि जाड होतो, दुसऱ्याने मधला भाग टिकतो. मला सेमी-हॉलोवर ०.०२२ जास्त आवडतो, कारण या बेसचा आवाज मुळातच गोल असतो आणि ०.०४७ ने तो शेवटी दबून जातो. पण दोन्ही काही रुपयांचेच असतात, दोन्ही घ्या आणि क्रोकोडाइल क्लिपने लावून ऐकून ठरवा. साधा पॉलिस्टर फिल्म कपॅसिटर पुरतो. पिकअपमधून येणारा व्होल्टेज इतका कमी असतो की कपॅसिटरच्या व्होल्टेज रेटिंगची चिंताच नको.

बाकी यादी छोटी आहे: चांगला ६.३५ मिलिमीटरचा मोनो जॅक, साधारण दोन मीटर शील्डेड (भोवती धातूची जाळी असलेली) वायर, हीट श्रिंक स्लीव्ह, ०.८ मिलिमीटरचं ६०/४० रोझिन कोअर सोल्डर, प्रत्येक पॉटसाठी दातेरी वॉशर. शील्डेड वायरवर काटकसर करू नका. सॉलिड बेसच्या खोबणीत तांब्याची पट्टी चिकटवता येते, पोकळ बेसमध्ये ते जमत नाही, त्यामुळे बाहेरची भुणभुण अडवायला वायरीची जाळीच काय ती. रविवार पेठेत बोहरी आळीत पाना, लहान फाइल, मास्किंग टेप एका फेरीत मिळून जातं.

टॉगल स्विच चांगलं असेल तर मी बदलत नाही. जॅक मात्र प्रत्येक वेळी बदलतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अॅक्टिव्ह प्रीअँप या बेसमध्ये घालायचा मोह आवरा; बॅटरी बदलायला दर वेळी एफ-होलमध्ये बोटं घालावी लागतील.

बेस उघडणं

तारा एकदम सोडू नका. चार तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोच्या घरात ताण असतो, चारही थोड्या थोड्या ढिल्या करत आणा. ब्रिज नुसत्या तारांच्या दाबावर उभा असेल तर त्याच्या कडांना आधी मास्किंग टेप लावून जागा नोंदवा. ही जागा गेली की इंटोनेशन, म्हणजे मानेवरच्या प्रत्येक जागी सूर बरोबर येणं, पहिल्यापासून लावावं लागतं. टेप काम झाल्यावर लगेच काढा. जुन्या लाखेवर तो दिवसेंदिवस राहिला तर खूण उमटते.

नॉब काढायला खाली सुती रुमालाचा पट्टा घाला आणि दोन्ही टोकं वर ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की प्लायवर खड्डा पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाची तयारी. नट काढण्याआधी प्रत्येक पॉटच्या दांड्याला हातभर नायलॉनचा दोरा घट्ट बांधा आणि दोऱ्याच्या टोकाला चिठ्ठी लावा: नेक व्हॉल्यूम, नेक टोन, ब्रिज व्हॉल्यूम, ब्रिज टोन. मग नट काढून पॉट आत ढकला. पॉट एफ-होलमधून बाहेर येईल, दोऱ्याचं दुसरं टोक भोकातून बाहेरच राहील. दोरा सोडून नवीन पॉटला बांधेपर्यंत तो भोकातून निसटू द्यायचा नाही, टेपने बॉडीला चिकटवून ठेवा. जॅक आणि स्विचच्या भोकातही असेच दोरे ओवून ठेवा.

जुन्या वायरिंगचा वरून, बाजूने, जवळून फोटो काढा. ब्रिजच्या खिळीकडे किंवा टेलपीसकडे जाणारी एकटी वायर दिसेल, ती अर्थची. ती कापताना टोक आत हरवू देऊ नका. ठोकळ्यात गाडलेली वायर परत सापडणं फार कठीण असतं. पिकअपच्या वायरी पॉटजवळ कापा, पिकअपकडची लांबी जितकी राहील तितकी चांगली.

पुठ्ठ्यावरचा बेस

बॉडीवर कागद ठेवा आणि भोकांवर पेन्सिल आडवी घासा, नाण्याचा छाप घेतात तशी. हा छाप जाड पुठ्ठ्यावर चिकटवून त्याच मापाची भोकं पाडा. पॉट पुठ्ठ्याच्या खालून बसवा, जसे बेसमध्ये बसतात, आणि मग पुठ्ठा पालथा करा. आता तुम्ही पॉटच्या पाठी बघताय आणि डावं-उजवं उलटलेलं आहे. माझा टोन उलटा लागला तो इथेच. म्हणून पुठ्ठ्याच्या पाठीवर मार्करने प्रत्येक पॉटचं नाव लिहा.

पाठीकडून बघताना पाय खाली ठेवा. व्हॉल्यूमच्या डाव्या पायावर पिकअपची हॉट (सिग्नलची) वायर, मधल्या पायावरून टॉगलकडे जाणारी वायर, उजवा पाय मागे वाकवून डब्याला सोल्डर, म्हणजे तो अर्थ. टोनमध्ये मधल्या पायावर कपॅसिटरचं एक टोक आणि उजवा पाय डब्याला. खात्री मीटरवर करा: दांडा घड्याळाच्या दिशेने पूर्ण फिरवला की व्हॉल्यूमचा मधला आणि डावा पाय यांत शून्य यायला हवा.

कपॅसिटरचं दुसरं टोक कुठे लावायचं यावर दोन पद्धती आहेत. आजकाल बरेचदा ते व्हॉल्यूमच्या पहिल्या, पिकअपच्या पायाला जोडतात. पन्नाशीच्या दशकातल्या गिब्सनमध्ये ते मधल्या पायाला जोडत. दुसऱ्या पद्धतीत व्हॉल्यूम कमी केला तरी वरचा आवाज तितका मरत नाही. मी स्वतः तीच वापरतो. टॉगल मध्ये असताना एक व्हॉल्यूम शून्यावर नेला तर दोन्ही पिकअप बंद होतात, तो दोष समजू नका, या जोडणीत असंच होतं.

सोल्डर करताना डब्याच्या पाठीवर आधी सँडपेपर घासा, तिथल्या चकचकीत थरावर सोल्डर धरत नाही. २५ वॉटचं आयर्न पायांना पुरतं, डब्याला मात्र ते तापता तापताच पॉट आतून भाजतं. डब्याला ४० ते ६० वॉटचं, रुंद टोकाचं आयर्न घ्या. तापमान ठरवता येत असेल तर ३५० ते ३७० अंश सेल्सिअस. तीन-चार सेकंदांत सोल्डर पसरलं पाहिजे. नाही पसरलं तर हात काढा, थंड होऊ द्या, पुन्हा घासा. जॉइंट चकचकीत आणि उतरता दिसला की तो चांगला. गोळा होऊन बसलेला, राखाडी, म्हणजे कोरडा. बेसच्या कंपनाने तो काही महिन्यांत सुटतो. सोल्डरमध्ये शिसं असतं, खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाला बसू नका. गुरुवारी देखभालीसाठी वीज जायची शक्यता असते, तो दिवस टाळलेला बरा.

शील्डेड वायरीची जाळी डब्यांना जोडायची, आणि जाळीवरून सगळीकडे स्लीव्ह चढवायची. आत गेल्यावर वायरी कुठे टेकतील यावर आपला ताबा नसतो. उघडी जाळी एखाद्या हॉट पायाला टेकली की बेस मुका. पॉटपासून पॉटपर्यंत वायर पुठ्ठ्यावरच्या अंतरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवा. त्याहून जास्त ठेवली तर ती आत प्लायला टेकून वाजते, आणि ती टकटक नेमकी कुठून येतेय हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

बाहेर वाजवून बघा

पिकअपच्या वायरी दोऱ्याने एफ-होलमधून बाहेर ओढा, बॉडीवर जाड पुठ्ठा आणि ओला फडका ठेवा, आणि त्या नव्या वायरिंगला सोल्डर करा. अर्थची वायरही जोडा. सगळं अजून बाहेर आहे. आता जॅकमध्ये केबल लावून सुरुवातीचीच मापं पुन्हा घ्या: नेक, दोन्ही, ब्रिज. मग अँप लावा, आवाज कमी ठेवा, आणि स्टीलच्या स्क्रूड्रायव्हरने पिकअपवर हलकेच टकटक करा. प्रत्येक पिकअप, प्रत्येक नॉब, स्विचच्या तिन्ही जागा. मीटरचं एक टोक जॅकच्या दांडीच्या पायाला आणि दुसरं ब्रिजला लावा, शून्याजवळ यायला हवं. या तपासणीला दहा मिनिटं लागतात. त्यात काही चुकलेलं दिसलं तर आनंद माना, कारण ते अजून हातात आहे.

आत सोडणं

दातेरी वॉशर पॉटवर चढवा. तो आतून प्लायला धरतो आणि नट आवळताना पॉट फिरत नाही. फिरला तर वायरी पिळून तुटतात. प्रत्येक दोरा आपापल्या पॉटच्या दांड्याला बांधा. दांड्यावर घट्ट बसणारी रबरी नळी मिळाली तर दोऱ्यापेक्षा छान, ओढताना पॉट सरळ राहतो.

एफ-होलपासून सगळ्यात लांब जे आहे ते आधी आत जातं. बहुतेक बेसवर आधी टॉगल, मग लांबचे पॉट, मग जवळचे, शेवटी जॅक. एफ-होलच्या कडांवर टेप लावा. दोरा हलक्या हाताने ओढा. अडकला तर जोर लावू नका, अर्धा इंच मागे सोडा, बेस थोडा तिरका करा, पुन्हा ओढा. दांडा भोकातून डोकावला की वॉशर आणि नट दोऱ्यावरूनच ओवा, दोन आटे बसल्यावर दोरा सोडा. सगळे पॉट बसेपर्यंत कुठलाच नट पूर्ण आवळायचा नाही.

जॅक सगळ्यांना छळतो. त्याला दांडा नसतो, त्यामुळे दोरा बांधायला जागा नाही. यावर उपाय असा: दोरा दुहेरी करा, त्याचा फास जॅकच्या तोंडातून आत घालून आतल्या पत्र्याच्या पट्टीभोवती घ्या, आणि दोन्ही टोकं जॅकच्या तोंडातूनच बाहेर काढा. ही दोन टोकं बॉडीच्या आतून जॅकच्या भोकातून बाहेर आणायची, ओढायचं, जॅकचा गळा भोकात आला की वॉशर आणि नट दोऱ्यांवरून ओवून बसवायचे. मग एक टोक सोडून दुसरं ओढलं की दोरा सरकत पूर्ण बाहेर येतो. नट आवळताना जॅक आत फिरू नये म्हणून त्याच्या तोंडात जाडसर गोल काठी घट्ट खुपसून धरा.

तारा चढवण्याआधी एकदा अँप लावून ऐका. मग ब्रिज टेपच्या खुणेवर, तारा हळूहळू सुरात.

हम, म्हणजे भुणभुण, आली तर तारांना हात लावा. हात लावल्यावर कमी झाली तर अर्थिंग ठीक आहे आणि उरलेली बाहेरून येतेय. हात लावल्यावर वाढली तर हॉट आणि अर्थ कुठेतरी उलटे लागले आहेत. पेठांमधल्या जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट दिसतो पण मागे अर्थची वायरच नसते. तिथे कितीही चांगलं वायरिंग गुणगुणतं. बेस दुसऱ्या घरी नेऊन ऐका. अर्थ नसलेल्या अँपमुळे तारांना हात लावताना झिणझिण्या येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, तो धोका खरा आहे.

जुनं वायरिंग फेकू नका. पिशवीत घालून त्यावर तारीख लिहा, सोबत तो पुठ्ठा ठेवा, पाठीवर पॉटची नावं आणि मीटरचे तीन आकडे लिहून. पुढच्या पावसाळ्यात खरखर आली की आधी त्या तीन आकड्यांशी ताडून बघायचं.